भावाच्या आधी माझी पाठ

सायकलवर बसलो की मला काहीच होत नसे. मोहफुलांचं पोतं मागे बांधून मी गावापासून तिरोड्याच्या बाजारापर्यंत वाटेत कुठेही न उतरता जायचो. पण तीच सायकल बाजारात लावून दोन दुकानं पलीकडे पायी निघालो, की मांड्या जड व्हायच्या, पोटऱ्यांत आग पेटायची आणि असेन तिथे मी उकिडवा बसायचो. जरा बसलं की सगळं शांत. उठून चाललो की पुन्हा तेच. लोक हसायचे. सायकल हाणणाऱ्या माणसाला चालता येत नाही, हे कोणाला पटणार? बायकोलाही सुरुवातीला पटलं नाही.

माझ्या मोठ्या भावाला मात्र पटलं, कारण त्यालाही तेच होत होतं.

वडील गेल्यावर भावानं शेती सांभाळली आणि मी खरेदी-विक्री. चुली दोन, अंगण एक. बोदलकसाच्या तलावाचं पाणी आमच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, मिळायचं, म्हणून धान सहसा दगा देत नसे. रोवण्याच्या, म्हणजे धानलावणीच्या, दिवसांत भाऊ दिवसभर चिखलात वाकून धानाचे पऱ्हे उपटायचा, तेव्हा ठणठणीत. संध्याकाळी ताठ उभा राहून घराकडे निघाला, की शेताच्या धुऱ्याधुऱ्यावर, बांधाबांधावर, टेकत यायचा. आमचे वडीलही शेवटी शेवटी काटकोनात वाकूनच चालत. ते आम्ही म्हातारपणावर घातलं होतं.

फरक इतकाच, की मी बोलायचो आणि भाऊ बोलायचा नाही. मी घरात शिरलो की आधी माझं कण्हणं शिरायचं. त्याचं दुखणं वहिनीलाही नीट माहीत नव्हतं.

ही गोष्ट आमचा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या एकदोन वर्षांतली. आज गोंदिया स्वतंत्र जिल्हा आहे, तेव्हा आम्ही भंडाऱ्यातच होतो. तिरोड्याच्या दवाखान्यात मला वाताचं औषध मिळालं, मालिशचं तेल मिळालं. काही उतार पडला नाही, तेव्हा भाऊ मला गोंदियाला एका डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर हिंदी बोलणारे होते. त्यांनी मला तपासणीच्या टेबलावर घेतलंच नाही. दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर उभं केलं आणि म्हणाले, "चलके दिखाओ." मी जवळच्याच राइस मिलच्या फाटकापर्यंतही पोचलो नाही, बसलो. ते स्वतः माझ्यामागे आले होते. वाकून म्हणाले, "साइकिल पे कुछ नहीं होता ना?"

मला रडूच आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी ते माझ्याआधी बोललं होतं.

त्यांनी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या सर्जननी पाठीत सुई घालून औषध सोडलं, मला एका फळीवर पट्ट्यांनी बांधलं आणि डोकं खाली, पाय वर, पुन्हा पाय खाली असं करत फोटो काढले. मग फोटो उजेडासमोर धरून भावाला आणि मला दाखवले. मणक्यांच्या आत नसांची वाट असते, ती कमरेच्या जागी अरुंद झाली आहे, म्हणाले. ताठ उभं राहिलं की ती आणखी आवळते, वाकलं की जरा मोकळी होते. म्हणून सायकल जमते आणि चालणं जमत नाही. हाडाची मागची बाजू काढून वाट मोकळी करता येईल.

हे सांगता सांगता त्यांची नजर भावाकडे गेली. भाऊ टेबलावर दोन्ही हात टेकून, पुढे झुकून उभा होता.

"तुम्ही असे का उभे?" त्यांनी विचारलं.

"असाच जी. याच्यासंगं आलो मी."

"चालताना पाय भरून येतात?"

भाऊ माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखा हसला. सर्जननी त्यालाही झोपवलं, पायाचे अंगठे वर करायला लावले, गुडघ्यावर हातोडी मारली. म्हणाले, "एकाच घरातलं आहे हे. दोघांनाही करून घ्यावं लागेल. यांच्या पायात तर जोर कमी व्हायला लागला आहे." 'यांच्या' म्हणजे भावाच्या. हे मी ऐकलं. भावानंही ऐकलं.

परतीच्या गाडीची वाट पाहत आम्ही नागपूरच्या फलाटावर बसलो होतो. भावानं घरून आणलेली भाकरीची पुरचुंडी सोडली आणि जेवता जेवता ठरवूनही टाकलं.

"आधी तुह्यं होऊ दे."

"तुह्या पायातला जोर कमी झाला म्हणला ना तो," मी म्हणालो. "आधी तू कर."

"आन रोवणा? दोघंही खाटीवर पडलो तं बांदीत कोण उतरीन? तू?"

मला शेतीतलं काही येत नव्हतं, हे खरं होतं. मी पडलो तर घराची खरेदी-विक्री बंद पडणार होती, पण धान पिकणार होतं. तो पडला तर काहीच पिकणार नव्हतं. हिशेब त्याचा बरोबर होता आणि तो त्यानं माझ्यासाठी म्हणून मांडला नव्हता, घरासाठी मांडला होता. तरीही मला आठवतं, की त्यानं ते म्हटल्यावर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आपलं आधी होणार, या विचारानं मला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याचं मी पुढे काय करावं, ते मला आजवर कळलेलं नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी माझं ऑपरेशन झालं. पालथं झोपवून इथरचा वास दिला, एवढंच आठवतं. शुद्धीवर आलो तेव्हा पाठीत आग होती आणि पाय मात्र हलके, जणू दुसऱ्या कोणाचे. बरेच दिवस खाटेवरून हलू दिलं नाही. भाऊ सोबत होता. पाऊस लागल्याची खबर आली तसा तो गावी गेला आणि माझी बायको आली. मला घरी आणलं तेव्हा तिरोड्याच्या स्टेशनावर भाऊ बैलबंडी घेऊन उभा होता. बंडीत तनसाचा, धानाच्या पेंढ्याचा, जाड थर, त्यावर गोधडी. सगळ्या वाटेनं तो बैलांपुढे पायी चालला, खाचखळगे टाळत. मी उताणा पडून आभाळ बघत होतो. बंडी अधूनमधून थांबायची. मला वाटायचं, माझ्यासाठी थांबते. बायकोनं नंतर सांगितलं, भाऊ बसायला थांबत होता.

तो सगळा पावसाळा मी पडवीत खाटेवर काढला, कमरेला पट्टा आवळून. वाकायचं नाही, उचलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. पडवीतून गावाबाहेरची पाऊलवाट दिसायची. त्या वाटेनं भाऊ सकाळी जायचा आणि संध्याकाळी यायचा. शेतीचं तर तो करतच होता, आता माझी तिरोड्याची कामंही त्याच्यावर आली. सायकल त्याला येत नव्हती. तो पायी जायचा.

एका संध्याकाळी माझी बायको खाटेजवळ येऊन हळूच म्हणाली, "मोठ्या भाऊजीच्या पायातली चप्पल वाटंतच सुटून राह्यते, आन त्याइले समजत नाई. आज पोरगी मागून घेऊन आली."

मी भावाला हाक मारली. त्याचा डावा पाय बघितला. अंगठा वर कर म्हणालो. तो नुसता थरथरला.

"भाऊ, तू जा आता नागपूरले."

"धान निघू दे."

"डाक्टर काय म्हणला होता, याद आहे ना?"

"अरे, लोंबीत दाणा भरून राहिला. आता टाकून जाऊ?" तो हसला. "तुह्यं पाहून राहिलो ना मी. तुह्यं बरं झालं म्हणजे माह्यंही होते."

आणि माझं खरंच बरं होत होतं. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली तेव्हा मी पट्टा बांधून तिथे चालत गेलो आणि उभा राहून दंडारीचा खेळ बघितला. किती तरी वर्षांनी उभा राहून. लोक दंडार सोडून माझ्या पायांकडे बघत होते. सगळ्यांत जास्त आनंद भावाला झाला होता. पाहुणा आला की तो मला आतून बोलवायचा. "चालून दाखव." मी अंगणात चालायचो, तो पाहुण्याला माझी पाठ दाखवायचा, कुठून कुठपर्यंत कापलं ते बोटानं आखून सांगायचा. हे सगळं तो खांबाला टेकून, पुढे झुकून करायचा.

धान निघालं. मग मळणी झाली. मग माझ्या मोठ्या मुलीचं लग्न जमलं, आणि लग्नाची सगळी धावपळ भावानंच केली, कारण मला जड उचलू देत नव्हते. मांडवाचे खांब त्यानं उभे केले. आमंत्रणांसाठी गावोगाव तो हिंडला. मी रोज म्हणायचो, आता जा. तो रोज एक काम पुढे करायचा. ती कामं खोटी नव्हती. त्यातली निम्मी माझी होती.

लग्न पार पडल्यावर आम्ही नागपूरला गेलो. सर्जननी मला चालवलं, वाकवलं, खूष झाले. मग भावाला झोपवलं. अंगठा वर करा. झाला नाही. टाच टेकून चाला. जमलं नाही. टाचणीनं तळपाय टोचला तेव्हा भाऊ छताकडेच बघत होता. त्याला कळलंच नव्हतं.

"लघवीचं काही?" त्यांनी विचारलं.

भावानं धोतर सारखं केलं. मग म्हणाला, "याले बाहीर पाठवा जी."

मी व्हरांड्यात उभा राहिलो. आत काय बोलणं झालं ते मला त्या दिवशी कळलं नाही, पण माझ्या भावाला माझ्यापासून काही लपवावं लागत होतं, एवढं कळलं. नंतर सर्जन बाहेर आले. रागावलेले नव्हते, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, "दुखणं वेगळं आणि जोर वेगळा. दुखणं मी काढू शकेन. नसा फार दिवस आवळलेल्या राहिल्या, की गेलेला जोर परत येईलच असं सांगता येत नाही. मागच्या वर्षी केलं असतं तर गोष्ट वेगळी असती."

मागच्या वर्षी त्याच दवाखान्यात, त्याच दिवसांत, मी होतो.

भावाचं ऑपरेशन सर्जननी सांगितलं तसंच झालं. दुखणं गेलं. शुद्धीवर आल्यावर तो पाय लांब करून पडला आणि म्हणाला, "गेली रे आग." तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आराम होता तो मी आयुष्यात फार थोड्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. आम्ही दोघं त्या दिवशी हसलो. पण पाय उठले नाहीत. महिने गेले, पोटऱ्या बारीक होत गेल्या. दोन काठ्या घेऊन तो अंगणात चालू लागला. डावं पाऊल टाकलं की ते आधी लोंबायचं आणि मग फट् करून जमिनीवर आपटायचं. लघवीचंही पूर्ण सावरलं नाही. वहिनी रोज त्याची धोतरं वेगळी धुवायची, पहाटे, कोणाच्या नजरेस पडायच्या आत.

पुढच्या रोवण्याला तो हट्टानं बांधीत उतरला. चिखलात पाय रुतला आणि निघेना. मी आणि वहिनीनं धरून त्याला धुऱ्यावर बसवलं. त्यानं पायाचा चिखल पुसला नाही, तसाच वाळू दिला. त्यानंतर तो बांधीत उतरला नाही.

मग मी उतरलो. दुसरं कोणी नव्हतं आणि मला दुसरं काही करवतही नव्हतं. तिरोड्याची खरेदी-विक्री आम्ही सोडली. गावातच पडवीत काटा टांगला, तिथे भाऊ बसून मोहफूल, लाखोळीची डाळ, तांदूळ मोजून घ्यायचा. माझं काम त्यानं घेतलं, त्याचं मी घेतलं. मला नांगर सरळ धरता येत नसे. भाऊ बंडीतून धुऱ्यावर यायचा आणि तिथून ओरडायचा, "बैलाले कायले मारतस? नांगर तू वाकडा धरून राहिलास!" बाया हसायच्या. त्याच्या शिव्या खाताना मला बरं वाटायचं. तो तेव्हा आधीचा भाऊ असायचा.

पण घरी तसं नव्हतं. त्याच्या समोरून ताडताड चालत जायची मला लाज वाटू लागली. आम्ही दोघं देवळाकडे निघालो, की मी मुद्दाम हळू चालायचो. अर्ध्या वाटेत कंबर धरायचो, "जरा बसू" म्हणायचो. कधी एक पाय ओढल्यासारखंही करायचो. हे सगळं मी ठरवून करत नव्हतो, माझ्याकडून ते व्हायचं. बरेच दिवस चाललं हे. एकदा मी असाच पारावर टेकलो, तेव्हा भाऊ बसला नाही. काठ्यांवर उभा राहिला.

"दुखते?" त्यानं विचारलं.

"थोडं."

"कुठं?"

मी मांडीवर हात ठेवला.

"खोटं नको बोलू." त्याचा आवाज चढला. "माह्यासमोर लंगडून दाखवतस? मी इतकी वर्षं खरं लंगडलो, मले समजत नाई काय?"

मग जे कितीतरी दिवस आत साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. तू आधी गेला असतास तर. माझ्यापायी तू वर्षभर थांबलास. डॉक्टर मला स्वतः म्हणाले.

"मलेही म्हणला तो," भाऊ म्हणाला. "मंग? धान सोडून गेलो असतो काय मी? तुह्यासाठी थांबलो, असं काऊन वाटते तुले? मी धानासाठी थांबलो." मग म्हणाला, "मले आता दुखत नाई. तू कायले दुखवून घेऊन राहिलास? चाल नीट. घरात एकजण तं नीट चालला पाहिजे."

तो पुढे निघाला. मी त्याच्या मागून नीट चाललो. अवघड होतं ते, खोटं लंगडण्यापेक्षा कितीतरी अवघड.

त्याचं बोलणं ऐकून माझी सुटका झाली, असं मी म्हणणार नाही. कारण दुसरी बाजू वहिनीनं सांगितली. एका दुपारी भाऊ काट्यावर होता, मी जेवायला तिच्या चुलीपाशी बसलो होतो. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाले माहा राग येते का?"

तिनं वाढायचं थांबवलं नाही. भात घातला, वर वरण घातलं. म्हणाली, "येते. तुम्ही दणदण चालत अंगणातून गेले का येते. तुमचा नाई येत, भाऊजी. पायाचा येते." मग म्हणाली, "त्याइले नका सांगू. जेवा."

मी जेवलो. ती खरं बोलली होती आणि तरीही मला वाढत होती, याचे तिचे उपकार मी मानले. भावानं मला मोकळं केलं, तिनं केलं नाही, आणि मला वाटतं तिचं जास्त बरोबर होतं. दोष माझा नसेलही. पण जे त्याचं गेलं ते माझ्याकडे आलं, हे तर दिसत होतं. अंगणात रोज दिसत होतं.

मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला त्या सुमारास आम्हाला सर्जननी पुन्हा बोलावलं. त्यांच्याभोवती शिकाऊ डॉक्टर मुलं-मुली उभी होती. एकाच घरातले दोघं, एकच दुखणं, एकच ऑपरेशन, म्हणून त्यांना आम्ही दोघं शेजारी शेजारी दाखवायचे होते. मला चालायला सांगितलं. त्या हॉलच्या टोकापर्यंत जाऊन मी परत आलो. मुलं आपसांत पुटपुटली. मग भाऊ काठ्यांवर चालला. फरशीवर त्याचं पाऊल आपटण्याचा आवाज गावातल्यापेक्षा मोठा येत होता. कोणी पुटपुटलं नाही.

सर्जन माझ्याकडे वळले. "तुम्ही कसे आहात?"

"बरा आहो जी."

"आणि तुम्ही?" त्यांनी भावाला विचारलं. त्यांचा स्वर खाली आला होता. मला तेव्हा जाणवलं, की हा माणूसही माझ्यासारखाच भावाच्या पायांकडे बघायचं टाळतो आहे.

"मीही बराच आहो," भाऊ म्हणाला. "रातचं पाय लांब करून झोपतो. आधी नव्हतो झोपत." मग काठ्या सावरत म्हणाला, "एक विचारू का जी? आमचा बापही असाच वाकून चालायचा. घरात पोरं आहेत. याचे आहेत, माहे आहेत. त्याइचं काय?"

"होईलच असं नाही," सर्जन म्हणाले. "पण चालताना पाय भरून यायला लागले, तर लगेच घेऊन या. शेती, लग्न, काही असो. थांबू नका."

भावानं मान हलवली आणि माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर म्हणाला, "ऐकलं ना? हे तुह्याकडं. मी विसरीन."

तो विसरणार नव्हता. काही विसरायचा त्याचा स्वभावच नव्हता. मोठी मुलगी सासरी होती; गावी आल्यावर मी घरातल्या चारही पोरांना अंगणात उभं केलं, त्याची दोन आणि माझी दोन, आणि एकेकाला विचारलं. पोरं हसत होती, त्यांना कशाचं काही दुखत नव्हतं. मी त्यांना तलावाच्या पाळीपर्यंत पळत जाऊन यायला सांगितलं. ती धावत सुटली. भाऊ काट्यापाशी बसल्या जागेवरून मान वळवून बघत होता, आणि वहिनी हातातलं सूप तसंच धरून दारात येऊन उभी राहिली होती.